सापाचे अन्न आणि माणसाचे ऋण

काही वर्षांपूर्वी दीर्घ रजा मिळाली, तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टर येथे स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. घर आपल्याकडील कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घरासारखेच. देव्हारा आहे, थंडीच्या भयाने खिडकीच्या आत आणून ठेवलेली तुळस आहे, आणि स्वयंपाक पूर्णपणे शाकाहारी. एके दिवशी सकाळी मटार काढून देण्यासाठी मी फ्रीझर उघडला आणि चुकून खालच्या खणात हात घातला. हाती आली ती मटाराची पिशवी नव्हती. पारदर्शक पाकिटात दहा पांढरे उंदीर ओळीने ठेवलेले होते, गोठून दगडासारखे झालेले.

माझा चौदा वर्षांचा भाचा धावत आला आणि त्याने ते पाकीट माझ्या हातून हलकेच काढून घेतले. त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत एक साप होता. उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारा, कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप. रंगाने केशरी, म्हणून त्याचे नाव 'केशर'. मुलाच्या हट्टापुढे आईने मान तुकविली होती. अट एवढीच की, केशरच्या अन्नाचा खण निराळा असावा आणि तो तिला उघडावा लागू नये.

त्या रात्री मी ते जेवण पाहिले. मुलाने एक उंदीर आधी विरघळू दिला, मग कोमट पाण्याने ऊबदार केला आणि लांब चिमट्यात धरून सापासमोर हलविला. क्षणार्धात सापाने झडप घातली, वेटोळे आवळले आणि आधीच मेलेल्या त्या जीवाला पुन्हा एकदा 'मारून' तो डोक्याच्या बाजूने गिळू लागला. मुलगा बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "मामा, केशर जगावा म्हणून हे मरतात. आई म्हणते, हे पाप आहे. बाबा म्हणतात, हा निसर्गाचा नियम आहे. तू सांग, खरं काय?"

सरकारी माणसाची रीत अशी की, अवघड प्रश्न समोर आला म्हणजे तो प्रथम 'विचारार्थ' ठेवून घ्यावा. मीही तेच केले. परंतु ती फाइल माझ्या मनात मिटली नाही. मुलाला पुढे जे उत्तर दिले, तेच आज विस्ताराने आपणांपुढे मांडत आहे.

प्रथम सापाची बाजू पाहू. साप हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. कुत्र्याला भाकरी चालते, भाताच्या चार शितांवरही तो वेळ काढतो. सापाची देहरचनाच अशी की वनस्पतींवर तो जगू शकत नाही. आफ्रिकेत केवळ पक्ष्यांची अंडी खाऊन राहणारे साप आहेत, आणि आपल्या विदर्भातही अंडीखाऊ सापाची एक दुर्मीळ जात आढळली आहे. परंतु हे अपवाद होत. धामण काय, नाग काय, आणि लेस्टरच्या पेटीतला केशर काय, यांचे जीवन बहुतांशी उंदरांवर चालते. म्हणून तर आपल्या शेतकऱ्याने नागाला क्षेत्रपाल मानले. मात्र त्याच नागापुढे नागपंचमीला आपण दुधाची वाटी ठेवतो. साप दूध पीत नाही, ते त्याचे अन्नच नव्हे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मला कधी कधी वाटते, त्या वाटीमागे भक्तीइतकाच एक संकोचही असावा. ज्याची पूजा करायची त्याच्या जेवणात एक जीव जातो, हे पाहणे मनाला जड जाते. म्हणून आपण त्याला आपल्यासारखे सात्त्विक करून टाकले. बहिणीच्या फ्रीझरमधला निराळा खण आणि ही दुधाची वाटी यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

तेव्हा सापाला दोष देण्याचे कारण नाही. त्याला निवडच नाही, आणि जेथे निवड नाही तेथे पाप-पुण्याची भाषा लागू पडत नाही. प्रश्न आहे तो निवड असलेल्या प्राण्याचा, म्हणजे माणसाचा.

आता उंदराची बाजू. थोडा हिशेब मांडू या. प्रौढ कॉर्न स्नेकला साधारणपणे आठ-दहा दिवसांनी एक उंदीर लागतो, म्हणजे वर्षाला सुमारे चाळीस. बंदिवासात हा साप पंधरा ते वीस वर्षे जगतो. एका मुलाच्या एका छंदापोटी सहाशे ते आठशे जीव. पश्चिम आफ्रिकेतून आलेला बॉल पायथन नावाचा लहानसा अजगर तर वीस-तीस वर्षेही जगतो. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत असे साप मोठ्या संख्येने घरोघरी पाळले जातात, आणि त्यांच्यासाठी उंदीर पैदा करण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. हे उंदीर कुणाच्या कोठारातून पकडलेले नसतात. ते मरण्यासाठीच जन्माला घातलेले असतात.

त्या व्यवसायाची रीत थोडक्यात सांगतो. फडताळातल्या खणांसारखे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचलेले असतात. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, आणि विताच पुन्हा गाभण राहू शकते. जन्मल्यावर एक-दोन दिवसांत मारलेल्या, अंगावर केस नसलेल्या गुलाबी पिलाला त्या बाजारात 'पिंकी' म्हणतात. त्याचे वजन जेमतेम दीड ग्रॅम. केस फुटलेल्या पिलाला निराळे नाव, उड्या मारू लागलेल्याला निराळे, आणि पूर्ण वाढलेल्या, वीस-तीस ग्रॅम वजनाच्या उंदराला निराळे. सापाच्या वयाप्रमाणे आणि जाडीप्रमाणे गिऱ्हाईक माल निवडते. वाण्याच्या दुकानात तांदळाच्या प्रती असाव्यात तशा येथे वयाच्या प्रती असतात.

यावर कोणी म्हणेल, उंदराचे एवढे काय घेऊन बसलात? ज्या मुंबईत महानगरपालिका रात्री उंदीर मारण्यासाठी माणसे नेमते, तेथे असली हळहळ शोभते काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. धान्य नासणाऱ्या, रोग पसरविणाऱ्या उंदराशी माणसाचा झगडा आहे. त्या झगड्यात आपण स्वतःच्या रक्षणासाठी त्याला मारतो. तेथेही कसे मारावे याला मर्यादा आहेतच. चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो, म्हणून इंग्लंडमध्ये २०२२ साली कायदा करून सामान्य नागरिकाला असे सापळे लावण्यास बंदी झाली, आणि ती जुलै २०२४ च्या अखेरीस अमलात आली. परंतु फडताळातल्या उंदराने आपले काहीच नासलेले नाही. त्याच्याशी आपला झगडा नाही. त्याला आपणच बोलावून आणले आहे. पाहुण्याची आणि चोराची वागणूक एकच असू शकत नाही.

आणि उंदराला वेदना कळते काय? कळते, याविषयी शास्त्रज्ञांत आता गंभीर मतभेद उरलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंथॅम या इंग्रज तत्त्वचिंतकाने म्हटले होते की, प्राण्याला बुद्धी आहे की वाणी आहे हा प्रश्न नव्हे, त्याला दुःख होते की नाही हा प्रश्न आहे. आज आपल्याला त्याहूनही अधिक ठाऊक आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका उंदराला अरुंद नळीत कोंडून दुसऱ्याला मोकळे सोडले. बाहेरचा उंदीर काही दिवसांत नळीचे दार उघडायला शिकला आणि त्याने आपल्या सोबत्याला सोडविले. शेजारी दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवले, तरी त्याने सोबत्यालाही सोडविले आणि पुष्कळदा तो खाऊही त्याच्याबरोबर वाटून घेतला. ज्याला दुसऱ्याचे कोंडलेपण समजते, त्याला स्वतःचे कोंडलेपण समजत नसेल, असे म्हणणे धाडसाचे होईल.

आता माझ्या मेहुण्यांच्या म्हणण्याकडे वळू. निसर्गात साप उंदीर खातोच, मग घरात खाल्ला तर बिघडले कुठे? हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. किंबहुना याच युक्तिवादावर काही माणसे सापाच्या पेटीत जिवंत उंदीर सोडतात, आणि शेजारपाजारच्या मुलांना तो प्रकार पाहायला बोलावतात. परंतु शेतातल्या उंदराला बीळ असते, गवत असते, अंधार असतो. सापाने टाकलेली झडप पुष्कळदा फुकट जाते. तेथे दोघांनाही आपापली संधी असते. काचेच्या पेटीत उंदराला बीळ नाही. ती संधी आपण काढून घेतली, आणि वर त्याला निसर्ग असे नाव दिले. निसर्ग बाहेर ठेवूनच तर ती पेटी तयार झाली आहे.

शिवाय जिवंत भक्ष्य सापालाही धोक्याचे असते. भुकेला नसलेला साप झडप घालत नाही, आणि पेटीत राहिलेला घाबरलेला उंदीर उलट सापालाच कुरतडतो. अशा जखमांनी साप दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या परिचयाची आहेत. वेटोळ्यात सापडलेल्या उंदराचा प्राण कसा जातो, याविषयीही २०१५ साली नवी माहिती मिळाली. पूर्वी समजूत होती की तो गुदमरून मरतो. बोआ जातीच्या सापावरील प्रयोगांत असे दिसले की, काही सेकंदांतच भक्ष्याचे रक्ताभिसरण बंद पडू लागते. म्हणजे निष्णात सापाच्या वेटोळ्यातले मरण तसे जलद असते. परंतु त्यापूर्वीची पेटीतली वाट पाहणारी घटका, कोपरे हुंगत फिरणारी, तिचा हिशेब कोणी मांडायचा? बहुतेक सर्व साप थोड्या सवयीने मेलेले आणि ऊबदार केलेले भक्ष्य घेतात. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत जिवंत प्राणी भक्ष्य म्हणून देण्यावर कडक अटी घातल्या. मेलेल्या अन्नावर भागत असेल तर जिवंत अन्न देण्यासाठी दुसरे सबळ कारण असावे लागते.

मग उंदीर आधी मारायचा, तर कसा? मोठ्या प्रमाणावर हे काम कार्बन डायऑक्साइड वायूने होते. हा वायू ओलसर त्वचेवर आम्ल तयार करतो. म्हणून वायूने आधीच भरलेल्या पेटीत उंदीर टाकला तर नाका-डोळ्यांची आग होऊन तो मरतो. वायू हळूहळू सोडला तर वेदना सुरू होण्यापूर्वी शुद्ध हरपण्याची शक्यता अधिक. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२० च्या सूचनांत यासाठी दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के एवढा वेग सांगितला आहे. तरीही उंदरांना हा वायू नकोसा होतो, त्यापासून ते दूर पळू पाहतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. नवजात पिलांची गोष्ट तर आणखी निराळी. कमी प्राणवायूत तग धरण्याची त्यांना उपजत शक्ती असते. मोठा उंदीर काही मिनिटांत मरतो, तेथे पिलाला पन्नास मिनिटांपर्यंत लागू शकतात. म्हणजे ज्या 'पिंकी'कडे पाहून 'याला काय कळते' असे म्हणावे, त्याचेच मरण सर्वांत लांबते. घाईने काम उरकणारा व्यापारी त्याला अर्धमेला असतानाच शीतपेटीत टाकतो. शुद्धीवर असलेला प्राणी गोठवून मारणे कोणत्याही जाणत्या पशुवैद्याला मान्य नाही. शिकलेल्या हाताने मान मोडणे हे लहान उंदराच्या बाबतीत त्यापेक्षा पुष्कळ दयेचे. परंतु त्याला शिक्षण लागते, आणि काळीजही लागते.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो, हे पाहण्याचा मोह माझ्यासारख्याला आवरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतातले साप पाळता येत नाहीत. ज्या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात समाविष्ट आहेत, त्या बाळगणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. म्हणजे हा प्रश्न आपल्याही दारात येऊन उभा राहिला आहे. गमतीची गोष्ट अशी की, १९७२ च्या कायद्यात उंदरांना 'उपद्रवी प्राणी' म्हणून एका स्वतंत्र अनुसूचीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली गेली. परंतु सर्वांत बोलके कलम आहे ते प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेल्या आग्रहातून हा कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमानुसार, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला अशा रीतीने कोंडणे की तो दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावा, हा गुन्हा आहे. त्याच कलमाने माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारण्यास सूट दिली आहे, पण तीही अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवर. कायदा येथे दोन शब्द आपल्या हाती देतो: 'करमणूक' आणि 'अनावश्यक'. माझ्या मते सगळा नीतिविचार या दोन शब्दांत सामावलेला आहे.

कारण गरज आणि करमणूक यांतले अंतर फार मोठे आहे. परळच्या हाफकिन संस्थेचा उगम १८९९ च्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरला. त्याच वास्तूत पुढे सर्पदंशावरील लशीचे काम झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढायचे, ते घोड्याला अल्प प्रमाणात टोचायचे, आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष तयार करायचे, असा हा क्रम. विषासाठी साप ठेवावे लागतात, आणि ठेवलेल्या सापांना उंदीर द्यावे लागतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली, शेतात राबणारी. बांधावर घोणस चावलेल्या बाईचा प्राण वाचविणाऱ्या त्या कुपीमागे काही उंदरांचे मरण आहे. ते मी मान्य करतो. मात्र ते मरण सुसह्य करण्याची जबाबदारी तेथेही माफ होत नाही. पण दिवाणखान्याची शोभा, मित्रांपुढची मिरवणूक, किंवा चित्रविचित्र रंगाच्या सापांची नुसती हौस, यांच्या पारड्यात आठशे जीव टाकताना मन अडखळले पाहिजे.

येथे मला महाभारतातील शिबी राजाची कथा आठवते. ससाण्याच्या भयाने कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसले, आणि राजाने त्याला अभय दिले. ही कथा आपण दयेची कथा म्हणून सांगतो. परंतु तिच्यातला ससाण्याचा युक्तिवाद आपण पुष्कळदा विसरतो. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न आहे. तू याला वाचवलेस तर मी मरेन, आणि माझ्यामागे माझी पिलेही मरतील. मग तुझी दया कोणती? राजा त्याला खोटे ठरवीत नाही. ससाण्याने गवत खावे, असा उपदेशही करीत नाही. तो एवढेच ओळखतो की, त्या दोघांमध्ये मी पडलो आहे, म्हणून आता त्याची किंमत मी दिली पाहिजे. आणि तो स्वतःचे मांस तराजूत घालतो.

मला वाटते, साप पाळणारा माणूस शिबीच्याच जागी उभा आहे, फक्त उलट्या बाजूने. साप आणि उंदीर यांच्यामध्ये तोही पडला आहे. एकाला त्याने रानातून किंवा दुकानातून आणून कोंडले, दुसऱ्याला त्याच्यासाठी जन्माला घालविले. त्याक्षणी निसर्गाचा हिशेब संपला आणि त्याच्या नावावर ऋण चढले. आपले मांस तराजूत घालावे, असे कोणी त्याच्याकडून मागत नाही. पण काहीच न देता 'हा निसर्गाचा नियम' म्हणून मोकळे होणे त्याला शोभत नाही. आणि 'हे पाप' म्हणून खण बंद करून घेणेही ऋण फेडीत नाही.

लेस्टरहून निघण्याच्या आदल्या रात्री मुलाला मी हे साध्या शब्दांत सांगितले. म्हटले, "बाळ, आई म्हणते ते थोडे खरे आहे, आणि बाबा म्हणतात तेही थोडे. केशरला तू आणलास. आता तो जगेल तोवर त्याला पोटभर अन्न देणे हे तुझे कर्तव्य. त्याला उपाशी ठेवून किंवा रानात सोडून पुण्य लागणार नाही. परक्या मुलखात तो मरेल, नाही तर दुसऱ्या जीवांचा नाश करील. पण त्याचे अन्न कोठून येते हे विचार. जो दुकानदार उंदीर कसे ठेवले आणि कसे मारले हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस, दोन पैसे जास्त पडले तरी. सापाला पेलत असेल तर चार पिलांऐवजी एक मोठा उंदीर दे. तेवढेच जीव कमी जातील. जिवंत उंदीर कधी सोडू नकोस, आणि हा खेळ म्हणून कुणाला दाखवू नकोस. आणि पुढचा साप घेण्याआधी आठशेचा आकडा एकदा कागदावर लिहून पाहा."

तो पुढचा साप, एक बॉल पायथन, घेण्यासाठी त्याने वर्षभर पैसे साठविले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तो काही बोलला नाही. उंदराचे पाकीट फ्रीझरमध्ये नीट परत ठेवून झोपायला गेला.

दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला, तेव्हा तिने सहज सांगितले की, साठविलेल्या पैशांतून त्याने केशरसाठी पूर्वीपेक्षा दुप्पट मोठी पेटी घेतली आहे, आणि दुसरा साप काही आणलेला नाही. मग थोडे थांबून म्हणाली, "आणि दादा, तो खालचा खण आता मीही उघडते."